कुठला पैसा कुठं जातो?

(सप्टेंबर २००९ मध्ये जव्हार-मोखाडा भागातल्या पाड्यांचा मेळावा झाला. त्यात तरुण कार्यकर्त्यांच्या गटाने केलेलं हे भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर चार माणसं जमवून मोठ्याने वाचून दाखवावं.)



आज आम्हाला जमिनीबद्दल बोलायला सांगितलं आहे. पण आम्ही सुरुवात पैशापासून करणार आहोत. काही जण म्हणतील, हे काय मध्येच, आधी दाव्यांचं काय झालं ते सांगा. तेही सांगतो. दाव्यांचं काम काही पाड्यांत पुढे सरकलं आणि काही पाड्यांत अडकून पडलं. का अडकलं ते शोधायला आम्ही फिरलो, तर प्रत्येक ठिकाणी गोष्ट पैशापाशीच येऊन थांबली.

आपल्याबद्दल एक वाक्य सगळीकडे ऐकायला येतं. दुकानदार म्हणतो, साहेब म्हणतो, एस.टी.त शेजारी बसलेला माणूसही म्हणतो, "आदिवासीच्या हातात पैसा टिकत नाही. आला की उडवतो." हे इतक्या वेळा ऐकलं आहे की आता आपलीच माणसं तसं म्हणायला लागली आहेत. आम्ही शिकलेली पोरंसुद्धा म्हणायचो. आमचे बाप भट्टीवरून आले आणि महिन्यात घर रिकामं झालं, की आम्हीही मनात म्हणायचो, यांना हिशोब कळत नाही.

मग आम्ही ठरवलं की आधी हिशोब मांडू, नंतर बोलू.

वहीवर हिशोब मांडला असता तर आमच्याशिवाय कोणाला वाचता आला नसता. म्हणून एका पाड्यावर रात्री अंगणात बसलो आणि सुपं मांडली. एका चिंचोक्याला शंभर रुपये धरले. वर्षात ज्या ज्या वाटेने घरात काही येतं, त्या प्रत्येक वाटेला एक सूप. मग घरच्यांनीच प्रत्येक सुपातले चिंचोके उचलून समोर ढीग लावायचे. हे खाण्याचं, हे औषधाचं, हे लग्नाचं, हे देण्याचं, हे शेतात घातलं, हे शाळेचं, हे दारूचं. आम्ही फक्त बघत बसायचं, मध्ये बोलायचं नाही.

ज्या घराचं सांगतो ते आपल्यातल्या पुष्कळ घरांसारखंच आहे. नवरा, बायको, तीन पोरं आणि म्हातारी. दोन एकराच्या आसपास फॉरेस्ट प्लॉट. उतारावर नागली, वरई, थोडा उडीद, आणि खाली पाणथळ तुकड्यात भात. दिवाळीनंतर नवरा-बायको दोन पोरांना घेऊन वीटभट्टीला. म्हातारी आणि मोठी पोरगी घरी.

पहिलं सूप धान्याचं. आधी कोणी ते मांडलंच नव्हतं. एक गडी म्हणाला, "भात काय पैसा हाय का?" त्यावर म्हातारी म्हणाली, "दुकानातून इकत आणाय जा, मंग कळेल." तिने स्वतः सूप ओढलं आणि पायलीच्या हिशोबाने चिंचोके टाकले. टाकून झालं तर त्या एका सुपात जवळजवळ भट्टीच्या उचलीएवढा ढीग झाला. सगळे गप्प झाले. वर्षभर घरात येतं त्यातली एवढी मोठी वस्तू आपण कमाई म्हणून मोजतच नव्हतो.

धान्याचा खर्च कसा होतो? त्यातलं सगळ्यात जास्त पोटात जातं. थोडं बियाण्याला राहतं. पडजीला आलेल्या माणसांना जेवण, पाहुण्याला भाकर, कणसरीचा मान, सुकी मच्छी घेऊन येणारणीला दोन शेर. धान्य कोणी रात्रीत उडवत नाही. कणगी बाईच्या हातात असते आणि ती रोज मापाने काढते. पाहुणे आले तर उद्याचं माप थोडं कमी करते. आदिवासीला हिशोब कळत नाही म्हणणाऱ्याने तिच्याकडे येऊन बघावं.

पण त्या सुपातलाही मोठा वाटा म्हातारीने बाजूला काढून ठेवला. तो दुकानदाराचा. गेल्या श्रावणात त्याच्याकडून मणभर घेतलं होतं आणि कापणीला दीड मण द्यायचं ठरलं होतं. दिढीची ही रीत आजची नाही, आपल्या आज्या-पणज्यांनीही ती सोसली. म्हणजे खळ्यावर धान्य येतं तेव्हाच त्यातलं थोडं दुसऱ्याचं झालेलं असतं.

दुसरं सूप जंगलाचं. हे बायकांनी मांडलं, कारण गड्यांना त्यातलं फारसं माहीतच नव्हतं. चैत्रात मोहाची फुलं. मग करवंदं, जांभळं. पहिल्या पावसात शेवळं, नंतर करटोली आणि रानभाज्या. पळसाची पानं. अधूनमधून सरपणाची मोळी. बाजाराच्या दिवशी डोक्यावर घेऊन जायचं आणि संध्याकाळी हातात येईल तेवढं घेऊन परत यायचं. एका वेळी फार नसतं. कधी एसटीचं भाडं जाऊन दोन दिवसांचं मीठ-मिरची.

या सुपाचे चिंचोके बायांनी बोटांवर मोजावे तसे वाटले. मीठ, मिरची, तेल, साबण, सुकट, पोराच्या तापाची गोळी, वही-पेन्सिल. दारूच्या ढिगात एकही चिंचोका नाही, लग्नाच्या ढिगात नाही, देण्याच्या ढिगातही नाही. हा पैसा येतो बाईच्या हातात, थोडा थोडा येतो आणि आठवड्याच्या आठवड्याला घरातच जिरतो. घर यावरच चालतं. आणि हाच पैसा भट्टीच्या सहा-सात महिन्यांत बंद असतो, कारण ती बाई भट्टीवर असते आणि मोह इथे गळत असतो.

तिसरं सूप रोजगार हमीचं. कायदा काय सांगतो? काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं पाहिजे, नाहीतर बेकारी भत्ता. आणि केलेल्या कामाची मजुरी पंधरा दिवसांत. आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. मजुरी कधी दोन महिन्यांनी येते, कधी तीन. तोवर घर थांबतं का? नाही. दुकानदाराच्या वहीत नाव लागतं. म्हणून या सुपातले चिंचोके घरच्यांनी उचलले आणि जवळजवळ सगळे एकाच ढिगात टाकले, दुकानाच्या. काम चांगलं, बांध झाला तोही चांगला, पण उशिरा आलेला पैसा आपल्या मनाने खर्च करता येत नाही. तो आधीच खाल्लेला असतो. रोख घेऊन माल घेणाऱ्याला एक भाव आणि वहीवाल्याला दुसरा, हेही तुम्हाला माहीत आहे.

चौथं सूप उचलीचं. या घराने गेल्या पावसाळ्यात दहा हजार उचल घेतली होती. शंभर चिंचोके. घरधन्याने ढीग लावले ते असे. चाळीस धाकट्या भावाच्या लग्नाला, त्यात देज, कपडे, जेवण आणि बाजा आला. पंचवीस बायकोच्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यासाठी घेतलेल्या उसन्याला. पंधरा घरावरच्या पत्र्यांना. दहा दुकानाला. राहिलेल्या दहात पोरांचे कपडे, एक जुना मोबाईल आणि दारू.

आम्ही विचारलं, शेतात किती? तो हसला. म्हणाला, शेतात काय घालणार, आम्ही इथं असतोच कुठं?

आता यात एक गोष्ट नीट ऐका. शंभरातले नव्वद चिंचोके त्याने उडवले नाहीत. भावाचं लग्न करायचंच होतं. आपल्यात कितीतरी जोड्या पैशाअभावी वर्षानुवर्षं लग्नाशिवाय राहतात आणि पोरं मोठी झाल्यावर मांडव घालतात. दवाखान्याचं देणं द्यायचंच होतं. पत्रे नसते तर पावसात म्हातारी भिजली असती. हे सगळे मोठे खर्च आहेत. मोळीच्या पैशातून लग्न होत नाही, रोजगार हमीच्या मजुरीतून पत्रे येत नाहीत, कारण तो पैसा कधी एकगठ्ठा हातात येतच नाही. आपल्या भागात एकगठ्ठा पैसा देणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे मुकादम. म्हणून आपण त्याच्याकडे जातो. यात अक्कल कमी असण्याचा प्रश्न नाही.

पण या पैशाची किंमत काय पडते तेही मांडू. बाकीच्या सुपांत आधी काम होतं, मग पैसा. इथे आधी पैसा खर्च होतो आणि नंतर काम सुरू होतं. दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी भट्टीवर जाते, पहाटे अंधारात माती तुडवायला लागते, तेव्हा ज्या कामासाठी घाम गळतोय त्याचा पैसा आधीच गेलेला असतो. आठवड्याला बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते, त्यात पोट भरायचं. हजार विटांचा दर ठरलेला असतो. पण विटा मोजतो शेठ, खर्ची लिहितो शेठ, फुटलेल्या विटा आणि पावसात विरघळलेल्या विटा वजा करतोही शेठ. वैशाखात हिशोब होतो. काहींना थोडे हातात पडतात, पुष्कळांना "बाकी" निघते. बाकी निघाली की पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर.

आणि उचल कोणाच्या हातात पडते? गड्याच्या. राबते मात्र जोडी. पोरंही विटा उलटायला लागतात. आम्ही त्या रात्री बायांना विचारलं, तुमच्या घरी किती उचल घेतली ते माहीत होतं का? तीन जणींनी आकडा सांगितला. बाकीच्या म्हणाल्या, आम्हाला भट्टीवर गेल्यावर कळलं. जिच्या मेहनतीवर उचल घेतली तिलाच तिचा आकडा माहीत नाही.

आमचीही चूक सांगतो. आमच्यातल्या दोघांनी बारावीनंतर एक हंगाम भट्टीवर केला. आम्हीही उचल घेतली आणि घरी निम्मीच सांगितली. उरलेल्यात मोबाईल आला. म्हणून आम्ही इथे कोणाला शहाणपण शिकवायला उभे नाही.

सुपं मांडून झाली आणि शेवटी त्याच पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेने आपलं सूप मांडलं. ती आपलीच, वारलीच. तिला मानधन थोडं आहे आणि कधी तेही रखडतं, पण महिन्याच्या नावाने येतं आणि तिच्याच नावावर जमा होतं. तिच्या ढिगात पोस्टातलं बचतीचं खातं निघालं, पोरीच्या शाळेचा खर्च निघाला आणि बकरी घेतलेली निघाली. तीही तीच भाकर खाते, तिच्या घरीही लग्नकार्य असतं, तिचा नवराही सणाला पितो. मग तिचा पैसा टिकतो आणि बाकीच्यांचा टिकत नाही, असं का?

इथे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आदिवासीच्या हातात पैसा टिकतो की नाही हा प्रश्नच चुकीचा होता. एकाच घरात, त्याच माणसांच्या हातात, कणगीचं धान्य मापाने निघतं, मोळीचा पैसा मिठामिरचीत जातो, हमीची मजुरी वहीत जाते आणि उचल लग्नात, दवाखान्यात जाते. माणूस तोच आहे. पैसा कसा येतो, कधी येतो, कोणाच्या हातात येतो आणि येण्याआधीच त्याच्यावर कोणाचं नाव लागलेलं असतं, यावर तो कुठे जाणार हे ठरतं.

आता जमिनीकडे येऊ.

सगळी सुपं मांडून झाल्यावर आम्ही शेताचा ढीग बघितला. सगळ्यात लहान ढीग तोच होता. त्यात बियाणं होतं, थोडं खत होतं आणि बस्स. बांधाला काही नाही, झाडाला काही नाही. याच जव्हार भागात काही गावांत लोकांनी मालकीच्या जमिनीवर आंबा-काजूच्या वाड्या केल्या आहेत, ते आपण बघतो. मग प्लॉटवाला का करत नाही? त्या घरधन्याचं उत्तर सरळ होतं, "बांध घालू आणि उद्या जंगलवाले येऊन झाडं लावतील, मंग?" जी जमीन उद्या आपली राहील की नाही माहीत नाही, तिच्यात कोणी पैसा घालत नाही. मुंबईचा शेठही घालणार नाही.

आणि प्लॉटवर आपला खर्च होतच नव्हता असंही नाही. आपल्या बापांनी दंड भरले. कधी कोंबडा दिला, कधी बाटली, कधी रोकड. आता गंमत बघा. दंडाची पावती ज्याने जपून ठेवली, त्याला आज दाव्यात ती पुरावा म्हणून उपयोगी पडतेय. कोंबड्याची पावती कोणाकडेच नाही.

वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जमीन कसतोय, त्याचा हक्क हा कायदा मान्य करतो, प्रत्यक्ष कसत असेल तेवढ्या जमिनीचा, जास्तीत जास्त चार हेक्टर. दाव्यासोबत एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. कागद हा त्यातला एक प्रकार. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं म्हणणं हाही पुरावा. आणि जमिनीवर केलेली कामं, म्हणजे सपाटीकरण, बांध, ताली, झोपडी, हेसुद्धा पुरावे धरले जातात. म्हणजे आपल्या बापाने घातलेला दगडी बांध आज साक्ष देतोय. आणि ज्यांची सगळी हाडं भट्टीवर झिजली, त्यांच्या प्लॉटवर बोट दाखवायला बांध नाही. आपण राबलो, पण शेठच्या मातीत राबलो.

याहून मोठं नुकसान पाहणीच्या वेळी झालं. नियमाप्रमाणे वनहक्क समितीने दावेदाराला आणि जंगल खात्याला कळवून जागेवर जायचं, हद्द बघायची, साक्षी घ्यायच्या. एका पाड्यावर ही पाहणी माघ-फाल्गुनात झाली. तेव्हा निम्मी घरं भट्टीवर. एका प्लॉटवर आमची माणसं पोचली, तर दाखवायला घरची फक्त म्हातारी. तिला डोळ्यांनी दिसत नाही. ती काठीने दाखवत होती, इथपर्यंत आमचं, त्या आंब्यापर्यंत. बरोबर आलेला रखवालदार म्हणाला, इथं तर काही पिकतच नाही, गवत आहे. फाल्गुनात उतारावर गवत नाही तर काय असणार? पण सांगायला घरचा गडी नव्हता. कागदावर "दावेदार गैरहजर" असं लिहिलं गेलं. तो दावा आजही तसाच लटकला आहे. घरधनी वैशाखात परत आला, हिशोबात बाकी घेऊन आला आणि वर हे ऐकलं. त्याने आम्हाला विचारलं, "मी तिथं असतो तर मिळाला असता का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही त्याचं तोंड आठवतं.

मुकादमाला हे माहीत नाही आणि त्याला त्याच्याशी घेणंदेणंही नाही. त्याला माणसं हवीत. पण उचल आपल्याला कुठल्या महिन्यात पाड्यातून उचलून नेते ते बघा. पाहणी व्हायची असते त्याच महिन्यांत, ग्रामसभा बसायची असते त्याच महिन्यांत. ग्रामसभेला ठरावीक संख्येने माणसं हजर लागतात. निम्मा पाडा भट्टीवर असेल तर ग्रामसभा भरणार कशी?

म्हाताऱ्या माणसांना लग्नगडी हा शब्द आठवत असेल. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि मग नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं, कर्ज फिटेपर्यंत. ते फिटायचं नाही, आयुष्य संपायचं. १९४५ साली किसान सभेच्या लाल बावट्याखाली, गोदूताई आणि शामराव परुळेकरांच्या बरोबरीने, आपल्या वारली माणसांनी वेठ आणि लग्नगडी मोडून काढली. त्यासाठी गोळ्या झेलल्या. १९७६ साली तर वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदा झाला. आणि आज आपण लग्नासाठी उचल घेतो आणि जोडीने भट्टीवर जातो. लग्नगडीपेक्षा यात फरक आहे, हो. पावसाळ्यात आपण घरी येतो. पण पुढच्या वर्षी कुठे जायचं हे ज्याचं बाकीने ठरतं, त्याने आपल्याला मोकळा म्हणावं का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

मेळाव्याच्या तयारीला आम्ही पाड्यापाड्यांत हे सांगत होतो तेव्हा एक आजी उठून म्हणाली, "पोरांनो, तुमी सांगता भट्टीला जाऊ नका. मंग पोरं काय खातील? तुमचा कागद?" बरोबर विचारलं. यंदा तर जून कोरडा गेला, लावण्या उशिरा झाल्या. कणगी रिकामी आहे. नवं भात यायला अजून वेळ आहे. मुकादम आत्ताच फिरायला लागले आहेत, कारण घर रिकामं कधी असतं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

म्हणून आम्ही "भट्टीला जाऊ नका" असं म्हणत नाही. तसं म्हणणं सोपं आहे. आम्ही चार गोष्टी म्हणतो. त्या आज इथे ठरवाव्यात.

एक. ज्या पाड्यावर जागेची पाहणी व्हायची आहे, तिथे पाहणी झाल्याशिवाय पाडा रिकामा करायचा नाही. समितीने तारीख दिवाळीच्या आधी किंवा कापणी चालू असतानाच मागायची. शेतात नागली उभी असेल तेव्हा "इथं गवत आहे" असं कोण म्हणेल? ज्यांना जायचंच आहे त्यांनी घरातलं एक कर्तं माणूस मागे ठेवायचं आणि शेजारच्या दोन प्लॉटवाल्यांना हद्द दाखवून जायचं. आणि ज्यांना "गैरहजर" लिहिलंय त्यांनी घाबरू नये. मला न कळवता पाहणी झाली, ती पुन्हा करा, असा अर्ज ग्रामसभेकडे द्यायचा. अर्ज आम्ही लिहून देऊ. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणालाही प्लॉटवरून हटवता येत नाही, हे कायद्यातच आहे. ते पाठ करून ठेवा.

दोन. रोजगार हमीचं काम दिवाळीच्या आधीच मागायचं. एकेकट्याने तोंडी मागायचं नाही. पाड्याने मिळून लेखी मागायचं आणि तारीख घातलेली पोच घ्यायची. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? आणि काम आपल्या प्लॉटवरच्या बांधबंदिस्तीचं मागायचं. ज्यांना पट्टा मिळाला त्यांनी आधी मागायचं. म्हणजे मजुरीही आपली आणि बांधही आपला.

तीन. कणगी. या कापणीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे पायली, दोन पायली धान्य पाड्याच्या कणगीत घालायचं. श्रावण-भाद्रपदात ज्याला लागेल त्याने तिथून न्यायचं आणि कापणीला परत करायचं. वर वाढावा किती, ते पाड्याने ठरवायचं, पण दिढी नाही. किल्ली बायांकडे. कारण मापाने धान्य कोण काढतं ते आपण त्या रात्री बघितलं. श्रावणात घरात दोन मण असले तर मुकादमाशी बोलणारा माणूस वेगळ्या आवाजात बोलेल. उचल निम्मी घेईल, नाहीतर म्हणेल, दिवाळीनंतर बघू.

चार. जो उचल घेईल त्याने बायकोसमोर घ्यायची आणि आकडा वहीत लिहून घ्यायचा. भट्टीवर खर्ची किती मिळाली आणि विटा किती झाल्या ते आठवड्याला लिहायचं. लिहिता येत नसेल तर पोराने लिहावं, नाहीतर दोरीला गाठी माराव्यात. हिशोबाच्या दिवशी शेठची एकच वही नको.

आणि पट्ट्याबद्दल एक शेवटचं. नवरा-बायको असतील तिथे पट्टा दोघांच्या नावावर, असं कायद्यात लिहिलेलं आहे. ही मेहेरबानी नाही. काही ठिकाणी अर्जात बाईचं नाव घालायचं राहून जातं. गडी म्हणतात, काय फरक पडतो, घर तर एकच आहे. आमची सुपं सांगतात, फरक पडतो. जो पैसा तिच्या हातात येतो तो घरात जिरतो. जमीनही तिच्या नावावर असेल तर त्यातलं पीक परस्पर कोणाच्या वहीत जाणार नाही. आणि हा पट्टा विकता येत नाही, कोणाच्या नावावर करून देता येत नाही, फक्त पोराबाळांकडे वारसाने जातो. आपल्या आज्यांच्या जमिनी सावकाराने अंगठा घेऊन नेल्या. या जमिनीवर तसा अंगठा चालणार नाही. कर्जापायी हातातून न जाणारी एवढी एकच गोष्ट आपल्या घरात येणार आहे. ती एका भट्टीच्या हंगामापायी गमवायची का?

त्या रात्री हिशोब संपला तेव्हा म्हातारीने सगळे चिंचोके गोळा केले आणि धान्याच्या सुपात टाकले. म्हणाली, "हे सूप भरलं तर बाकीच्यांचं कोण इचारतं." आम्हाला जे सांगायला एवढा वेळ लागला ते तिने तेवढ्यात सांगितलं.

जिंदाबाद. जोहार.

(भाषणानंतर चर्चा झाली. पहिला, दुसरा आणि चौथा ठराव सर्वांनी हात वर करून मान्य केला. पाड्याच्या कणगीबद्दल, यंदा पीक कमी आहे, एक पायलीसुद्धा जड जाईल, असं काही पाड्यांनी सांगितलं. ज्या पाड्यांना जमेल त्यांनी यंदा सुरू करावं आणि बाकीच्यांनी पुढच्या कापणीला, असं ठरलं. पाहणीची तारीख ठरलेल्या पाड्यांनी ती लगेच कळवावी, म्हणजे कार्यकर्ते त्या दिवशी हजर राहतील.)